थांबवणे म्हणजे अटक नव्हे

तुळशीराम गव्हाणे यांच्या उजव्या पायाचा अंगठा चाळीस मिनिटांत एकदा हलला. हालचाल दीड मिलिमीटरची होती. अंगठ्याच्या टोकावर मी शाईचा बारीक ठिपका दिला होता आणि मागे आलेखाचा कागद उभा धरला होता, त्यामुळे आकड्याबद्दल शंका नव्हती. डावा अंगठा हललाच नाही. गव्हाणे माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन पाहत होते.

"हलला ना, ताई?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. हलला होता.

त्यांना पिंपळदरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवर थांबवलं होतं, त्याला तीन दिवस झाले होते. थांबवणाऱ्या सुरक्षारक्षकाचं नाव भाऊराव हिवराळे, वय एकसष्ट, निवृत्त पोलीस हवालदार. ते माझे वडील, मी त्यांना अप्पा म्हणते. हे मी पहिल्याच दिवशी आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख चिंचोळकर सरांना सांगितलं होतं. जिल्ह्यात हे मोजमाप करू शकणारी मी एकटीच होते. सर म्हणाले, मापं तू घे, सही मी करतो, मत कोणीच देऊ नये.

राज्याच्या परवाना प्रयोगशाळेत मी मापांकन पाहते. खासगी रक्षकांच्या हातात जाणारा प्रत्येक पट्टा आधी माझ्या टेबलावर येतो.

पट्ट्याचा कायदा येऊन सहा वर्षं झाली. वसाहती वाढल्या, पोलीस तेवढेच राहिले, तेव्हा परवानाधारक रक्षकांना सरकारने एक मर्यादित अधिकार दिला. त्या अधिकाराला नाव काय द्यायचं यावर म्हणे समितीच्या चार बैठका झाल्या. अटक हा शब्द पोलिसांचा. ताबा हाही त्यांचाच. बेडी तर नकोच. शेवटी 'थांबवणे' हा शब्द ठरला, आणि नियमावलीचं पहिलं वाक्य असं आलं: थांबवणे म्हणजे अटक नव्हे. रक्षकाच्या तोंडून चुकून अटक हा शब्द गेला तरी परवाना महिनाभर गोठतो. पट्टा माणसाला कशालाही बांधत नाही. दोन्ही मांड्यांना तो गुंडाळला की माणूस कायद्याने मोकळाच असतो, जायला त्याला कोणाची मनाई नसते. फक्त पाय जात नाहीत.

मज्जातंतूतून जाणारा संदेश तारेतल्या विजेसारखा धावत नाही. तंतूच्या आवरणाला सूक्ष्म दारं असतात. एक उघडलं की सोडियमचे कण आत शिरतात, त्यामुळे शेजारचं उघडतं, मग त्याच्या शेजारचं. मेंदूची आज्ञा अशी दारामागून दार उघडत पावलापर्यंत पोचते. पट्टा ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडतो. त्या आवरणाला अशा थरथरवतात की दारं वेळेवर उघडत नाहीत आणि आज्ञा मांडीतच विरते. स्पर्श बराचसा शिल्लक राहतो, दुखत नाही. वीस मिनिटांनी लहरी बंद होतात आणि दोन-चार मिनिटांत माणूस उठून चालू लागतो.

पण त्या वीस मिनिटांत तंतू किंचित तापतो आणि आत शिरलेले कण बाहेर काढताना थकतो. म्हणून लागोपाठ तीनच वेळा, मग चार तास विश्रांती, असं ठरलं. हे ज्यांच्यावर मोजलं ते स्वयंसेवक पोलीस भरतीच्या मैदानावरून आणलेले तरुण होते. त्यांच्यात मधुमेहाचा एकही नव्हता. गव्हाणे अठ्ठेचाळीस वर्षांचे, आणि नऊ वर्षं गोळ्या घेत होते.

त्यांना लागोपाठ तेरा वेळा थांबवलं होतं.

*

त्या दिवशी काय झालं ते पट्ट्याच्या नोंदीत मिनिटामिनिटाला आहे. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी पाळी सुटली. गव्हाणेंच्या डब्याच्या पिशवीत नापास ठरलेल्या चार बेअरिंग सापडल्या. त्या भंगारातल्या होत्या, सायकल दुरुस्त करणाऱ्या मेव्हण्यासाठी घेतल्या, हे त्यांनी तिथेच कबूल केलं. अप्पांनी नियमाप्रमाणे पट्टा लावला आणि पोलिसांना फोन केला.

वसाहतीच्या मधोमध रस्ता आहे. उत्तरेला एका ठाण्याची हद्द, दक्षिणेला दुसऱ्या. उत्तरेकडून सांगण्यात आलं की गेट दक्षिणेच्या हद्दीत येतं. दक्षिणेकडून सांगण्यात आलं की बेअरिंग ज्या शेडमधून उचलल्या ती उत्तरेच्या हद्दीत आहे. सात वाजून दहा मिनिटांनी उत्तरेची गाडी आली, एका शिपायाने ताबा पावती लिहून दिली आणि अप्पांनी पट्टा सोडला. गव्हाणे खुर्चीवरून उठायला गेले आणि समोरच्या फरशीवर पडले.

तिसऱ्या वेळेनंतर पट्टा आपोआप बंद पडायला हवा होता. तो बंद पडला नाही, कारण तो नियमाप्रमाणे चालत होता. नियम सांगतो, प्रत्येक परवाना-क्षेत्रात जास्तीत जास्त तीन वेळा. परवाना जागेला मिळतो, भूखंडाच्या क्रमांकासह. त्या कारखान्याचे भूखंड दोन, सतरा आणि अठरा, म्हणून परवानेही दोन. सतरावरचा माणूस अठरावर नेला की पट्ट्याच्या दृष्टीने ती नवी हद्द आणि मोजणी पुन्हा शून्यावर. दोन्ही भूखंडांमध्ये गेटजवळ एक पिवळी रेघ आहे. अप्पांनी गव्हाणेंना चाकाच्या खुर्चीत बसवून ती रेघ चार वेळा ओलांडली होती.

हे चुकून झालं की मुद्दाम, एवढाच प्रश्न उरला होता. चुकून असेल तर अपघात. मुद्दाम असेल तर गुन्हा, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत.

*

मोजणी शून्यावर येते हे मला गेल्या जूनमध्ये, त्या नव्या बनावटीच्या पट्ट्यांची पहिली खेप तपासताना कळलं होतं. पट्टा हातात घेऊन मी प्रयोगशाळेतल्या दोन नकली हद्दींमधून चालत गेले आणि पडद्यावरचा तीनाचा आकडा शून्य झाला. मी लेखी विचारणा केली. उत्तर एका ओळीचं आलं: उपकरण नियमाशी सुसंगत आहे. ते खरंच होतं. चूक नियमाच्या वाक्यात होती, उपकरणाने ते वाक्य अक्षरशः पाळलं होतं. दाखल्याच्या चौकटीत 'योग्य' लिहून मी सही केली.

पुढे श्रावणात, सोमवारचा उपास सोडताना मी ते अप्पांना सांगितलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. जेवताना ते दिवसभराच्या गमती सांगतात, मी माझ्या सांगते. मी म्हणाले, अप्पा, तुमचा पट्टा वेंधळा आहे, पिवळी रेघ ओलांडली की सगळं विसरतो.

अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मग तो पोलीस खात्यातलाच," ते म्हणाले. "हद्द बदलली की आरोपी आमचा नव्हताच."

मीही हसले होते.

*

अप्पांना क्रूर म्हणणं सोपं झालं असतं. गव्हाणेंनीच मला सांगितलं की हवालदारसाहेबांनी दोनदा चहा पाजला, बिनसाखरेचा मुद्दाम मागवून. पायांत कापूस भरल्यासारखं वाटतंय म्हटल्यावर ते जमिनीवर बसले आणि त्यांचे तळवे हाताने चोळू लागले. चोळता चोळता म्हणत होते, येतीलच आता, पाव्हणं, थोडंच राहिलंय. पाचव्या वेळी म्हणाले, आठव्या वेळी म्हणाले.

सोडलं का नाही, याचं उत्तर मला गव्हाणेंकडून मिळायचं नव्हतं. ते मला लहानपणापासून माहीत होतं. नोकरीच्या चौथ्या वर्षी अप्पांनी एका संशयिताला लघवीला जाऊ दिलं आणि तो पळाला. खातेनिहाय चौकशी झाली, वेतनवाढ रोखली, आणि पुढची एकतीस वर्षं ठाण्यातला प्रत्येक नवा शिपाई ती गोष्ट ऐकूनच कामाला लागला. त्यानंतर अप्पांनी ताबा पावती हातात पडल्याशिवाय कोणालाही सोडलं नाही. पावती म्हणजे माणूस दुसऱ्याचा झाला. तोवर तो आपल्या डोक्यावर. वर्दी बदलली, अधिकार बदलला, पण हा हिशेब त्यांच्या हाडात राहिला. आपण आता पोलीस नाही आणि माणूस सोडून दिला तर कोणी आपली चौकशी लावणार नाही, हे त्या साडेचार तासांत त्यांना सुचलंच नाही.

महिनाभराने मी पुन्हा मापं घ्यायला गेले तेव्हा उजवा अंगठा चार मिलिमीटर हलत होता, डावा नाही. गव्हाणेंच्या पत्नी कमलबाई पायथ्याशी बसल्या होत्या. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझं आडनाव त्यांना तोवर कळलं होतं.

गव्हाणे मात्र बोलले. त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता. एखाद्या हिशेबात काय चुकलं ते ते शांतपणे सांगत होते.

"त्यांनी मला अटक केली असती ना ताई, तर बरं झालं असतं. अटकेला चोवीस तासांची मुदत तरी असती. कोर्ट असतं, जामीन असतो, घरी कळवावं लागतं. थांबवलेल्या माणसाला काय असतं? माझ्या भावाने दोन्ही ठाण्यांत फोन केला. दोन्हीकडे म्हणाले, आमच्याकडे असा कोणी नाही. खरंच नव्हतो मी. कुठेच नव्हतो."

"उगी राहा," कमलबाई त्यांना म्हणाल्या. "त्या लिहून घेतात."

मी लिहून घेत नव्हते. वही बंद करून मी पिशवीत ठेवली, तरी त्यांचा विश्वास बसला नसावा.

*

घरी अप्पा जबाब लिहीत होते. कामावरून त्यांना दूर केलं होतं, परवाना गोठला होता. जबाबाचा हा चौथा मसुदा होता. एरवी सरळ मराठी बोलणारा हा माणूस कागद समोर आला की ठाण्यातलं मराठी लिहू लागतो. त्यांनी मला वाचून दाखवलं: सदर इसमास उन्हाचा त्रास होत असल्याने त्यास माणुसकीच्या भावनेतून वेळोवेळी सावलीत घेतले.

घटनेची दुपार मार्चमधली होती. साडेतीनला सतराच्या बाजूला ऊन येतं हे खरं आहे. साडेपाचनंतर तिथे ऊन कुठेच नसतं. मी तसं म्हणाले.

अप्पांनी चष्मा काढला. "चौकशीत तुला बोलावतील. दाखल्यावर तुझी सही आहे. तेव्हा नीट ऐकून ठेव. विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. न विचारलेलं सांगणारा साक्षीदार स्वतःही बुडतो आणि दुसऱ्यालाही बुडवतो. अडचणीचं काही विचारलं तर आठवत नाही म्हणायचं. आठवत नाही म्हणजे काही खोटं नव्हे."

मी त्यांना विचारलं, त्या दिवशी रेघ कशासाठी ओलांडलीत?

"हे तू मला विचारू नकोस, वैजू. विचारलंस तर मला सांगावं लागेल आणि मग तुला ते माहीत होईल. अजून तुला माहीत नाही. तसंच राहू दे."

मग त्यांनी कागद उलटा केला आणि भाजीला काय करायचं ते विचारलं.

त्या आठवड्यात मी चौकशीसाठी मागवलेलं निवेदन लिहायला घेतलं. सात प्रश्न होते. सहांची उत्तरं एका संध्याकाळी झाली. सातवा होता: रक्षकास उपकरणाच्या या वर्तनाची पूर्वकल्पना होती काय? त्याखाली मी जागा सोडली. एप्रिल गेला, मे अर्धा गेला. जागा कोरीच राहिली.

*

मेच्या मध्याला वार्षिक तपासणीसाठी दोनशे बारा पट्टे आले. असं काही शोधायचं माझ्या कामात नव्हतं, तरी मी शोधलं. मोजणी तीनवर असताना हद्द ओलांडली आणि लगेच पुन्हा थांबवलं, अशा सगळ्या नोंदी वेगळ्या काढल्या. जुलैअखेरपर्यंत अशी एकही नव्हती. ऑगस्टनंतर एकेचाळीस होत्या, पाच वसाहतींमध्ये पसरलेल्या. तारखा आलेखावर मांडल्या तेव्हा त्या एका ठिकाणाहून चहूकडे गेलेल्या दिसल्या. साथीच्या आजाराच्या नोंदी मांडल्या की असाच आलेख मिळतो.

पट्टे घेऊन आलेल्या पुरवठादाराच्या माणसाला मी सहज वाटेल असं विचारलं, की रक्षक कधी माणसाला एका भूखंडावरून दुसऱ्यावर नेतात का? तो हसला. म्हणाला, त्याला खुर्ची फिरवणं म्हणतात, मॅडम. सगळ्यांना माहीत आहे. पोलीस यायला उशीर झाला की फिरवायची खुर्ची.

त्याला नावसुद्धा मिळालं होतं.

एकेचाळीसमधली पहिली नोंद तीन सप्टेंबरची. पिंपळदरा, भूखंड सतरा ते अठरा, कोणी दारूच्या नशेतला ट्रकचालक, ऐंशी मिनिटं. तो बहुधा नीट चालत घरी गेला असावा, कारण पुढे काही तक्रार नव्हती. पट्टा रक्षकाच्या बोटाच्या ठशाशिवाय चालू होत नाही. ठसा अप्पांचा होता.

श्रावणातल्या त्या जेवणानंतर तीन आठवड्यांनी.

म्हणजे आता मला माहीत होतं. अप्पांनी न सांगता.

आलेख मी चिंचोळकर सरांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले की हे कोणी मागितलेलं नाही. मग, थोड्या हळू आवाजात, त्यांनी विचारलं की ऑगस्टमध्ये असं काय झालं? मी म्हणाले, सांगेन. त्यांना वाटलं त्यांनाच सांगेन.

*

चौकशी जिल्हा परिषदेच्या जुन्या सभागृहात झाली, सकाळी अकराला. चौकशी अधिकारी श्रीमती तडवी, निवृत्त न्यायाधीश, कमी बोलणाऱ्या. गव्हाणेंना चौघांनी खुर्चीसकट उचलून जिन्यावरून आणलं होतं. कमलबाई त्यांच्या शेजारी. अप्पा दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पाठ ताठ.

उत्तरेच्या ठाण्याच्या निरीक्षकांनी सांगितलं की सात वाजून दहा मिनिटांपूर्वी सदर इसम त्यांच्या ताब्यात नव्हता. दक्षिणेच्या निरीक्षकांनी सांगितलं की तो त्यांच्या ताब्यात कधीच नव्हता. सुरक्षा कंपनीचे वकील लुणावत उठले आणि म्हणाले की कंपनी कोणालाही ताब्यात घेत नाही, कायद्याने घेऊच शकत नाही, कंपनी फक्त थांबवते. पट्टा बनवणाऱ्यांच्या प्रतिनिधीने नियमाचं वाक्य वाचून दाखवलं आणि माझ्या सहीचा दाखला पुढे केला. प्रत्येकाचं म्हणणं खरं होतं. सगळ्यांची बेरीज केली तर साडेचार तास एक माणूस या जिल्ह्यात कोणाच्याच हाती नव्हता.

मग अप्पांचा जबाब वाचला गेला. सावलीचं वाक्य आलं तेव्हा गव्हाणेंनी मान खाली घातली. त्यांनी ते खोडून काढलं नाही. आपल्याला सावलीसाठी हलवलं असं त्यांना कदाचित खरंच वाटत असावं.

मला बोलावलं. मी सहा प्रश्नांची उत्तरं दिली. लहरींची तीव्रता, तंतूचं तापमान, मधुमेहाचा परिणाम. डावा पाय पूर्ववत होण्याची शक्यता विचारली, ती मी टक्क्यांत सांगितली, आणि कमलबाईंनी तो आकडा नवऱ्याला पुन्हा हळू आवाजात सांगितला, जणू त्यांनी ऐकला नव्हता.

श्रीमती तडवींनी माझं निवेदन उलटसुलट करून पाहिलं. सातव्याखाली काही नाही, त्या म्हणाल्या. पुढे त्यांनी आपलं मत मोकळेपणाने सांगितलं. उपकरण नियमाप्रमाणे चाललं. मोजणी शून्यावर येते हे रक्षकाला ठाऊक होतं असा कोणताच पुरावा समोर नाही, त्यामुळे हा दुर्दैवी अपघात म्हणावा लागेल. अपघात एकदाच घडला आहे, तेव्हा नियमात बदल सुचवण्याचं कारणही दिसत नाही. लुणावत यांनी कागद गोळा करायला सुरुवात केली.

"तरी नोंदीसाठी विचारते," त्या म्हणाल्या. "तुमच्या माहितीप्रमाणे रक्षकाला हे ठाऊक होतं का? आठवत नसेल तर तसं सांगा."

मी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. अप्पा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर सरळ समोर होती, साक्षीदार बोलत असताना हवालदार ठेवतो तशी.

"आठवतं," मी म्हणाले. "त्यांना ठाऊक होतं. दाखल्यावर सही केल्यानंतर मीच घरी जेवताना त्यांना सांगितलं होतं. खुर्ची सावलीसाठी हलवलेली नाही, मोजणी शून्यावर आणण्यासाठी हलवली. आणि हे एकदाच घडलेलं नाही. माझ्याकडे अशा एकेचाळीस नोंदी आहेत. पहिली माझ्या वडिलांची आहे."